क्लास बंद पडला, हप्ते चालूच राहिले: प्रायव्हेट एज्युकेशन लोन रद्द करून घेतानाचा अनुभव

ऑगस्ट २०२५ मध्ये लोन कंपनीची एनओसी, म्हणजे आता काही देणं बाकी नाही असं पत्र, हातात आली आणि ऑक्टोबरमध्ये सिबिल रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींच्या रिपोर्टवर, ते खातं क्लोज्ड, बाकी शून्य असं दिसायला लागलं, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते. मधल्या काळात ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून बरेच फोन आले. सगळ्यांचं थोड्याफार फरकानं तेच, की क्लासवाल्यांनी गाशा गुंडाळला आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कटतोय, आता काय करू. फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदाच सगळं तारखांसकट लिहितेय. मी वकील नाहीये, जे झालं ते सांगतेय. संस्थेचं आणि लोन कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू पण नका.

मी बार्शीकडची, बीएस्सी करून पुण्यात एका छोट्या कंपनीत काम करत होते. जून २०२३ मध्ये डेटा ॲनालिटिक्सच्या नऊ महिन्यांच्या कोर्सला ॲडमिशन घेतली, फी जीएसटी धरून दीड लाख, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात शंभर टक्के प्लेसमेंट. एवढे पैसे एकदम नाहीत म्हटल्यावर काउन्सेलर म्हणाली, "लोन नाहीये हो मॅडम, फी हप्त्यानं भरायची सोय आहे, झिरो कॉस्ट." तिनंच तिच्या टॅबवर माझा पॅन, आधार, सेल्फी सगळं भरलं, माझा पगार कमी पडतोय म्हणून माझ्या वडिलांना, अण्णांना को-ॲप्लिकंट म्हणजे लोनचे जोडीचे अर्जदार केलं, अण्णा तेव्हा शेतात, त्यांनी फोनवरूनच ओटीपी सांगितला. वीस मिनिटांत काम झालं. १८ हप्ते, महिना ८,३३४ रुपये, बँकेतून आपोआप कटणार. संध्याकाळी मेलवर दोन पीडीएफ आल्या, एक लोन ॲग्रीमेंट आणि एक केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, ज्यात लोनची सगळी माहिती थोडक्यात असते.

इथं एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या झिरो कॉस्ट प्रकारात व्याज नसतं असं नाही, ते क्लासवाले स्वतःच्या फीतून सोडतात. लोन कंपनी व्याजाएवढी रक्कम कापून बाकी सगळी फी पहिल्याच आठवड्यात संस्थेच्या खात्यावर टाकते. म्हणजे नऊ महिने शिकवायचे पैसे पहिल्या दिवशीच हातात. त्यानंतर तुम्हाला शिकवलं काय आणि नाही शिकवलं काय, त्यांना पैशाच्या बाजूनं फरकच पडत नाही. आणि लोन कंपनीला वसूल करायला तुम्ही असताच.

सप्टेंबरमध्ये आमचे पायथनचे सर अचानक यायचे बंद झाले, मग लाइव्ह क्लासऐवजी जुन्या बॅचची रेकॉर्डिंग लावायला लागले, दिवाळीच्या आधी रोज टेक्निकल इश्यू आणि दिवाळीनंतर ऑफिसला कुलूप. शिकवणाऱ्यांचे पगार थकलेत हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. काउन्सेलरचा नंबर बंद. तोपर्यंत माझे पाच हप्ते गेले होते, ४१,६७० रुपये.

बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता आरडाओरडा चालू होता, पण त्यातल्या एका मुलाला सुचलं ते लाखमोलाचं ठरलं. तो म्हणाला वेबसाइट आणि कोर्सचं पोर्टल अजून चालू आहे तोवर सगळ्याचे स्क्रीनशॉट मारून ठेवा. आम्ही दोन दिवस तेच केलं. हजेरी, वेळापत्रक, किती मॉड्यूल झाले किती राहिले, प्लेसमेंटची जाहिरात, रिफंड पॉलिसीचं पान, आणि काउन्सेलरसोबतचं चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःलाच मेल केलं. पुढच्या आठवड्यात पोर्टल गेलं ते गेलंच. अजून एक, लोन कंपनीच्या वेबसाइटवर त्यांच्या पार्टनर लोकांची यादी होती, त्यात आमच्या संस्थेचं नाव होतं, त्याचा पण स्क्रीनशॉट घेतला, वरची वेबसाइटची ओळ आणि खालची तारीख दोन्ही दिसतील असा. काही महिन्यांनी बघितलं तर यादीतून ते नाव गायब.

२० नोव्हेंबरला मी दोघांना मेल केले. संस्थेला, की शिकवणं बंद केलंत, ॲडमिशन रद्द करा आणि पैसे परत द्या. लोन कंपनीला, की तुम्ही ज्या सेवेसाठी पैसे दिलेत ती सेवा बंद झालीय, लोन रद्द करा, पैसे तुमच्या पार्टनरकडून घ्या. संस्थेकडून काहीच नाही. लोन कंपनीचं आठवड्यानं उत्तर आलं, छान गोड भाषेत, की आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, परंतु कोर्स हा आपला आणि संस्थेचा विषय असून लोन हा स्वतंत्र करार आहे, कृपया हप्ते वेळेवर भरा.

हे वाक्य पुढची दीड वर्षं मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. तुम्हालाही हेच सांगतील. आणि तुमचं सगळं काम म्हणजे हे वाक्य खोटं पाडायचं, क्लास आणि लोन हा एकच व्यवहार होता हे कागदावर दाखवायचं. अमेरिकेत यासाठी सरळ नियम आहे, १९७६ पासून, होल्डर रूल म्हणतात, विकणाऱ्यानंच ग्राहकाला लोन देणाऱ्याकडे पाठवलं असेल तर विकणाऱ्याविरुद्धची तक्रार लोन देणाऱ्याविरुद्धही मांडता येते आणि तसं करारातच छापावं लागतं. आपल्याकडे असं एका ओळीत लिहिलेलं नाही, त्यामुळे तुकडे जोडत बसावं लागतं.

माझ्याकडचा सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या २ सप्टेंबर २०२२ च्या, तेव्हा लागू असलेल्या डिजिटल लेंडिंगच्या, म्हणजे ऑनलाइन लोनच्या गाइडलाइन्स. त्यात लेंडिंग सर्व्हिस प्रोव्हायडर असा प्रकार आहे, म्हणजे लोन कंपनीसाठी गिऱ्हाईक आणणारे, कागदपत्रं करणारे, वसुली करणारे. यांची यादी वेबसाइटवर लावायची आणि त्यांनी काही केलं तर जबाबदारी लोन कंपनीची, असं त्यात आहे. शिवाय लोन नको असेल तर दंड न भरता बाहेर पडायला मुदत द्यायची, तेव्हाच्या नियमात कमीत कमी तीन दिवस. माझं लोन क्लासच्या ऑफिसात, क्लासच्या माणसानं, क्लासच्या टॅबवर केलेलं, पैसे थेट क्लासला गेलेले, आणि क्लासचं नाव त्यांच्याच यादीत. आता हे दोन वेगळे कसे.

पण हे सगळं मला एका दिवसात कळलेलं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला आधी १९१५ वर फोन केला, ती नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. त्यांनी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर दिला आणि दोन्ही कंपन्यांकडे तक्रार पाठवली. लोन कंपनीनं तेच वाक्य चिकटवलं, संस्था गप्पच. हेल्पलाइन काही आदेश देऊ शकत नाही, मध्ये पडून बघते फक्त, पण फुकट आहे आणि पुढे दाखवायला कागद होतो, तेव्हा करा. पोलिसात पण ग्रुपमधल्या काही जणांनी मिळून अर्ज दिला, त्याची पोच घेतली, त्यापुढे माझ्या प्रकरणात त्याचा उपयोग जोडपत्र म्हणूनच झाला.

मग लोन कंपनीच्या ग्रीव्हन्स रिड्रेसल ऑफिसरला, म्हणजे त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, रीतसर तक्रार. याचं नाव आणि मेल केएफएसमध्येच असतो, कस्टमर केअरशी भांडण्यात वेळ घालवू नका. तक्रार दिली की ३० दिवस थांबायचं, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन, पैसे लागत नाहीत. यात क्रम महत्त्वाचा आहे. तेच प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं घाईत आधी आयोगात केस टाकली, तिचा हा रस्ता बंद झाला.

आता हप्ते थांबवायचं. हा निर्णय मी तुम्हाला देऊ शकत नाही, माझं काय झालं ते सांगते. डिसेंबरचा हप्ता भरायचा नाही असं ठरवलं, त्याआधी लोन कंपनीला मेलवर लिहून दिलं की या या कारणानं मी ऑटो डेबिटची परवानगी मागे घेतेय, आणि बँकेत जाऊन मॅन्डेट रद्द करायचा फॉर्म भरला, पोच घेतली. नुसतं खात्यात पैसे न ठेवणं हा उपाय नाही. दर बाऊन्सला लोन कंपनीचे ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९०, शिवाय आपल्या बँकेचा दंड वेगळा. आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स ॲक्ट २००७ चं कलम २५ आहे, ऑटो डेबिट पैसे नाहीत म्हणून बाऊन्स झालं तर चेक बाऊन्ससारखी फौजदारी केस होऊ शकते. बाकी नोटिसा कितीही लाल अक्षरात येऊ देत, पण कलम २५ लिहिलेली नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत लेखी उत्तर गेलंच पाहिजे. माझा मॅन्डेट रद्द व्हायच्या आत एक हप्ता बाऊन्स झाला होता, ती नोटीस आली, उत्तर दिलं, पुढे त्यांनी काही केलं नाही.

जानेवारीपासून फोन सुरू. हा भाग लिहायला नको वाटतं पण लिहिते. मला फोन आले ते ठीक, मी बोलत होते, पण अण्णांना सकाळी सातलाच फोन, मग गावातल्या एका चुलत्याला, मग त्यांच्या व्हॉट्सॲपवर कोर्टाचा शिक्का असल्यासारखं दिसणारं पत्र की मुलीच्या नावे वॉरंट निघणार आहे. गावात अशी गोष्ट किती वेळात पसरते ते गावातल्यांना माहितीय. आई नुसती रडायची. मला रात्र रात्र झोप नव्हती, ऑफिसात फोन वाजला की पोटात गोळा. यात दोन गोष्टी कामाला आल्या. एक, रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक, वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाईकांना त्रास द्यायचा नाही, धमकी द्यायची नाही. दोन, मी अण्णांच्या फोनवर कॉल रेकॉर्डिंग चालू करून दिलं आणि प्रत्येक फोनची तारीख वेळ एका वहीत लिहायला धाकट्या भावाला बसवलं. तो आठवीत होता, फार मन लावून लिहायचा, वसुलीवाला काय बोलला ते सगळं शब्दशः, शिव्यांसकट. ती वही पुढे स्कॅन करून जोडली.

लोकअदालतीची नोटीस पण येते, प्री-लिटिगेशन म्हणजे केस दाखल व्हायच्या आधीची म्हणून, त्याला लोक फार घाबरतात. तिथं तडजोड दोघांच्या संमतीनंच होते, जबरदस्तीनं कोणी सही घेऊ शकत नाही. मी गेले, मला मान्य नाही असं सांगितलं आणि परत आले.

लोकपालांकडे जानेवारीच्या शेवटी तक्रार टाकली होती, एप्रिलमध्ये निकाल आला. कोर्स नीट शिकवला की नाही हा वाद त्यांच्या कक्षेत येत नाही असं म्हणून तो भाग बंद झाला. पण वसुलीच्या फोनबद्दल लोन कंपनीला उत्तर द्यावं लागलं, अण्णांचे फोन त्यानंतर थांबले आणि बाऊन्सचे चार्जेस त्यांनी उलटवले. मला तेव्हा फार निराश वाटलं होतं. आता वाटतं फोन थांबले तेवढ्यासाठी पण ते करणं योग्य होतं.

मे २०२४. अण्णांना ठिबकसाठी कर्ज काढायचं होतं, बँकेनं सिबिल काढलं तर को-ॲप्लिकंट म्हणून त्यांच्या रिपोर्टवर माझं लोन, ९० दिवसांच्या वर थकलेलं. नाही म्हणाले. सोसायटीचं पीककर्ज नवंजुनं झालं, ते सुटलं, पण ठिबक राहिलं ते राहिलं. अण्णा मला काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "भरून टाकू गं बाई, एक लाखाची गोष्ट आहे, सोयाबीन झालं की देऊ." सोयाबीनला त्या वर्षी काय भाव होता ते तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं थांबा थोडं. थांबायला सांगताना माझ्याकडे काही भक्कम होतं असं नाही.

याच सुमारास मैत्रिणीच्या ओळखीनं ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक काका भेटले, रिटायर्ड बँक मॅनेजर. त्यांनी माझी फाइल बघितली आणि आधी सगळी सुटी करून परत लावायला लावली, तारखेप्रमाणे, प्रत्येक पानावर नंबर, पहिल्या पानावर अनुक्रमणिका आणि दोन पानी घटनाक्रम. म्हणाले, "समोरच्या माणसाला पाच मिनिटांत कळलं पाहिजे, तुझं रडगाणं नको, तारीख आणि कागद." बोलणं जरा कडक होतं त्यांचं पण माणूस सोन्यासारखा. वकिलाशिवाय स्वतः केस चालवता येते हे पण त्यांनीच सांगितलं. मी फक्त नोटीस लिहून घ्यायला एका वकीलबाईंना तीन हजार दिले, बाकी स्वतः.

नोटीस पाठवायला पत्ता हवा. पुण्यातल्या ऑफिसला कुलूप, मग कंपनी कामकाज मंत्रालयाच्या वेबसाइटवर संस्थेचं नाव टाकलं की रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता आणि डायरेक्टरांची नावं फुकट दिसतात, आणि १०० रुपये भरले की कंपनीनं दाखल केलेली कागदपत्रं पण बघता येतात. रजिस्टर्ड ऑफिस दुसऱ्या राज्यात निघालं. रजिस्टर्ड एडीनं नोटिसा पाठवल्या, संस्थेचं पाकीट "लेफ्ट" असा शेरा मारून परत आलं. ते पाकीट फोडायचं नाही! तसंच बंद ठेवायचं, तोच पुरावा.

जुलै २०२४ मध्ये ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली, तेव्हा ई-दाखिल पोर्टल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलंय, आता नवीन लोकांनी तिथंच जायचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात केस करता येते, कंपनी कुठलीही असो, त्यामुळे परराज्यात जायची भानगड नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायला हवी. माझा खर्च म्हणजे नोटरी, झेरॉक्स आणि पोस्ट, सगळा मिळून दोन हजारांच्या आसपास, शिवाय बुडलेल्या सुट्ट्या.

विरुद्ध पक्ष म्हणून संस्था, तिचे डायरेक्टर आणि लोन कंपनी तिघांना एकाच तक्रारीत घातलं. हे फार महत्त्वाचं. नुसती क्लासविरुद्ध केस केली तर जिंकूनही लोन तसंच राहतं. मागणीत पण नीट लिहावं लागतं, मी असं लिहिलं की लोन करार रद्द ठरवावा, बाकी शून्य दाखवावी, माझ्या आणि अण्णांच्या क्रेडिट रिपोर्टमधून थकबाकीची नोंद काढावी, भरलेले हप्ते व्याजासह परत मिळावेत. अण्णांचं नाव काकांनी घालायला लावलं.

व्हॉट्सॲप चॅट, स्क्रीनशॉट यांच्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं एक सर्टिफिकेट जोडायचं असतं. आधी ते ६५ब म्हणून ओळखलं जायचं, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ते कलम ६३ झालं, नमुनापण बदलला. मी जुन्या नमुन्यावर टाईप करून ठेवलेलं सगळं परत करावं लागलं. आयोगात पुराव्याचे नियम कोर्टाइतके काटेकोर लावत नाहीत म्हणतात, पण समोरच्याला बोट ठेवायला जागा कशाला द्या.

सोबत अंतरिम अर्ज पण केला, कलम ३८(८) खाली, की निकाल लागेपर्यंत वसुली थांबवा आणि सिबिलला नवीन नोंद पाठवू नका. सप्टेंबरमध्ये तक्रार दाखल करून घेतली आणि नोव्हेंबरमध्ये वसुलीला स्थगिती मिळाली. त्या दिवशी बाहेर येऊन मी आधी आईला फोन केला, तिला स्थगिती वगैरे काही कळलं नाही, ती म्हणाली म्हणजे आता कोणी फोन करणार नाही ना. म्हटलं नाही करणार.

संस्थेकडून कोणी आलंच नाही, त्यांच्याविरुद्ध एकतर्फी. लोन कंपनीच्या वकिलांनी मुदत संपता संपता लेखी म्हणणं दिलं. ३० दिवस आणि वरचे १५, त्यापुढे एक दिवस पण मिळत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा ४ मार्च २०२० चा निकाल आहे तसा, त्यामुळे तारखांचा हिशोब तुम्ही पण ठेवा. त्यांचे मुद्दे तीन. शिक्षण ही सेवा नाही म्हणून ग्राहक आयोगात चालतच नाही. करारात लवादाचं कलम आहे, म्हणजे वाद कोर्टाबाहेर त्रयस्थाकडे सोडवायचा, म्हणून लवादाकडे जा. आणि तिसरं आपलं पाठ असलेलं वाक्य. पहिल्यावर उत्तर असं की राष्ट्रीय आयोगानं मनू सोळंकी प्रकरणात २० जानेवारी २०२० ला कॉलेज विद्यापीठं कक्षेबाहेर ठेवली, पण कोचिंगवाल्यांना तो बचाव नाही असं त्याच निकालात म्हटलंय. दुसऱ्यावर एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग, सुप्रीम कोर्ट, डिसेंबर २०१८, लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो. दोन्ही निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात, छापून संबंधित परिच्छेदाला हायलाइटर मारून दिले. तिसऱ्यावर माझा पार्टनर यादीचा स्क्रीनशॉट, रिझर्व्ह बँकेच्या गाइडलाइन्स, आणि केएफएस. त्यांच्या वकिलांनी स्क्रीनशॉट बनावट आहे असं म्हटलं, तेव्हा मी इंटरनेट अर्काइव्हवर साठवलेली त्याच पानाची जुनी प्रत काढून दिली. त्यानंतर त्यांचा सूर बदलला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये फोन आला, मॅडम अर्धे भरा, मिटवून टाकू. महिन्याभरानं तीस टक्क्यांवर आले. घरचे सगळे म्हणाले घे. मी जवळजवळ हो म्हणणार होते, काकांनी एकच प्रश्न विचारला, सिबिलवर काय दिसणार? लोन कंपनीला मेल करून विचारलं तर उत्तर आलं "सेटल्ड". सेटल्ड म्हणजे या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत, कंपनीनं पाणी सोडलं, असा अर्थ पुढची बँक काढते, आणि ते कित्येक वर्षं रिपोर्टवर राहतं. क्लास त्यांच्या पार्टनरनं बुडवला आणि डाग अण्णांच्या नावावर. नाही म्हटलं.

जूनमध्ये युक्तिवादाच्या तारखेआधी त्यांनी स्वतःहून तयारी दाखवली आणि आयोगात पुरसिस दिली, म्हणजे दोघांच्या सहीचं लेखी निवेदन. त्यातला एकेक शब्द मी दोन दिवस घासत बसले होते. लोन रद्द, बाकी शून्य, ३० दिवसांत एनओसी, दोघांच्या नावावरची थकबाकीची जुनी नोंद दुरुस्त, सेटल्ड किंवा राइट-ऑफ असं कुठंही दाखवायचं नाही, आणि हे लोन दुसऱ्या कुठल्या वसुली कंपनीला विकलं जाणार नाही. हे शेवटचं वकीलबाईंनी फोनवर सुचवलं, ते आवर्जून घाला. बदल्यात लोन कंपनीकडून भरलेले ४१,६७० परत मागायचे नाहीत असं मी मान्य केलं. यावर ग्रुपमधले काहीजण नाराज झाले, म्हणाले पूर्ण लढायला पाहिजे होतं. असेल. मला अण्णांचं सिबिल खरिपाच्या आत हवं होतं, ते तरी नाहीच झालं, पण मला पटलं ते मी केलं. संस्थेविरुद्धची तक्रार तशीच चालू ठेवली.

सांगितल्याप्रमाणे ३० दिवसांत काही आलं नाही, एक स्मरणपत्र, त्याची प्रत आयोगात, मग ऑगस्टमध्ये एनओसी आली. ती आली म्हणून सिबिल आपोआप नीट होत नाही. आपल्याकडे चार क्रेडिट ब्युरो आहेत, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आणि वर्षातून एकदा प्रत्येकाचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढले, माझे आणि अण्णांचे. सिबिलवर डिस्प्यूट टाकला, पुरसिस आणि एनओसी जोडली. ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी, नाही झाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, तक्रारीत ही ओळ लिहिली की हालचाल जरा लवकर होते असा माझा अनुभव. माझा रिपोर्ट आधी सुधारला, अण्णांचा मागून, कारण को-ॲप्लिकंटसाठी वेगळी तक्रार करावी लागते, त्यांच्या नावानं, त्यांच्या मोबाइल नंबरवरून. बाकी तीन ब्युरोंपैकी एकावर अण्णांची जुनी नोंद अजून आहे, त्याचा फॉलोअप चालू आहे.

संस्थेविरुद्धचा आदेश पण ऑगस्टच्या शेवटी झाला, भरलेली रक्कम व्याजासह परत द्यायची आणि मानसिक त्रासाचे थोडे पैसे. अपिलाची ४५ दिवसांची मुदत संपेपर्यंत थांबले, कोणी अपील केलं नाही, पैसेही दिले नाहीत. मग ग्राहक कायद्याच्या कलम ७१ आणि ७२ खाली दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज, दाखल केली, ७२ मध्ये आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे म्हणून डायरेक्टरांची नावं पहिल्यापासून असणं बरं पडतं. त्यातल्या एकाला समन्स लागू झालंय, दुसरा पत्त्यावर सापडत नाही, त्याचा नवीन पत्ता द्यायला सांगितलंय. पुढची तारीख जानेवारीत आहे, त्याआधी परत एकदा ते १०० रुपये भरून त्याच्या दुसऱ्या कंपनीची कागदपत्रं काढणार आहे.